विश्लेषण : किशोरवयीनांमधील ‘सायकोपॅथी’ प्रश्नावलीने मोजता येते का?

‘तुमच्या मुलात सायकोपॅथची लक्षणे तर नाहीत ना? दहा प्रश्नांत ओळखा’ अशा धर्तीच्या चाचण्या मोबाइलवर सहज सापडतात. एखाद्या अल्पवयीनाच्या हातून गंभीर गुन्हा घडला, की वृत्तवाहिन्यांच्या चर्चेतही हा शब्द हमखास येतो. मानसशास्त्रज्ञ गेली दोन दशके किशोरवयीनांसाठी अशा प्रश्नावल्या खरोखरच वापरत आहेत. पण त्या कशासाठी तयार झाल्या, त्यांतून नेमके काय कळते आणि त्यातील गुणांवरून एखाद्या मुलाचे भवितव्य ठरवणे का धोक्याचे आहे, याविषयी...

सायकोपॅथी म्हणजे नेमके काय?

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ‘सायकोपॅथ’ म्हणजे वेडाच्या भरात वावरणारी व्यक्ती नव्हे. भास होणे, वास्तवाचे भान सुटणे ही सायकोसिसची लक्षणे आहेत आणि तो वेगळा आजार आहे. सायकोपॅथीत माणसाचे भान शाबूत असते. पश्चात्तापाचा अभाव, इतरांच्या दुःखाबद्दल कोरडेपणा, वरवरचे गोड बोलणे, दुसऱ्याला वापरून घेणे, बेफिकिरी आणि बेजबाबदारपणा अशा स्वभाववैशिष्ट्यांचा तो गुच्छ आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मधील आपल्या पुस्तकात त्याचे सविस्तर वर्णन केले. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातील कैद्यांवर काम करून एक तपासणी सूची तयार केली. तिच्यात २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण गुण ४०. उत्तर अमेरिकेत साधारण ३० च्या पुढे गुण मिळवणाऱ्याला सायकोपॅथ मानण्याची प्रथा पडली. ही सूची कैद्याने स्वतः भरायची नसते. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाखत घेतात, कागदपत्रे तपासतात आणि मग गुण देतात.

मुलांच्या बाबतीत हा विचार कधी सुरू झाला?

प्रौढ गुन्हेगारांच्या इतिहासात मागे जाताना संशोधकांना वारंवार बालपणातील खुणा दिसत होत्या. त्यामुळे लवकर ओळखता आले तर लवकर मदत करता येईल, हा विचार पुढे आला. पॉल फ्रिक आणि रॉबर्ट हेअर यांनी २००१ मध्ये मुलांसाठी २० मुद्द्यांचे मापन प्रसिद्ध केले. त्यातील उत्तरे मुख्यतः पालक आणि शिक्षक देतात. २००३ मध्ये हेअर यांच्या सूचीची १२ ते १८ वयोगटासाठीची आवृत्ती आली. तिच्यासाठीही सविस्तर मुलाखत आणि पोलीस, न्यायालय, शाळा यांच्याकडील नोंदी लागतात. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे, प्रौढांच्या सूचीसारखा ‘यापुढे गुण म्हणजे सायकोपॅथ’ असा आकडा या आवृत्तीसाठी मुद्दाम सुचवलेला नाही. मूल अजून घडते आहे आणि त्याच्यावर शिक्का बसू नये, हे त्यामागील कारण. आज मोबाइलवर फिरणाऱ्या चाचण्या नेमका हाच शिक्का पाच मिनिटांत मारून मोकळ्या होतात.

स्वतःच भरायची प्रश्नावली कुठून आली?

मुलाखत आणि नोंदींची पद्धत सुधारगृहातील शे-दोनशे मुलांसाठी चालते. शाळेतील हजारो सर्वसाधारण मुलांचा अभ्यास करायचा तर ती परवडणारी नाही. शिवाय त्यांच्या पोलीस नोंदी नसतातच. ही अडचण स्वीडनमधील संशोधकांनी सोडवली. हेनरिक आंदेर्शेड, मार्गारेट केर, होकान स्टाटिन आणि स्टेन लेवांडर यांनी २००२ मध्ये किशोरवयीनांसाठी ५० विधानांची प्रश्नावली मांडली. ‘यूथ सायकोपॅथिक ट्रेट्स इन्व्हेंटरी’ हे तिचे नाव, ‘वायपीआय’ हे संक्षिप्त रूप. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते, हे मुलाने चारपैकी एक पर्याय निवडून सांगायचे.

या ५० विधानांतून दहा वैशिष्ट्ये मोजली जातात, प्रत्येकासाठी पाच विधाने. त्यांची विभागणी तीन गटांत होते. पहिला गट फसवे आकर्षण, स्वतःबद्दलच्या अवास्तव कल्पना, खोटेपणा आणि दुसऱ्याला खेळवणे यांचा. दुसरा गट पश्चात्तापाचा अभाव, भावनाशून्यता आणि निष्ठुरता यांचा. तिसरा थराराची ओढ, उतावळेपणा आणि बेजबाबदारपणा यांचा. पुढे तिची १८ विधानांची छोटी आवृत्तीही तयार झाली आणि अनेक भाषांत ती वापरली गेली.

प्रश्न विचारण्यात वेगळेपण काय?

‘तू खोटारडा आहेस का?’ असे विचारले तर कोण ‘हो’ म्हणेल? स्वीडिश संशोधकांनी ही अडचण ओळखून विधानांची मांडणी उलटी केली. जे इतरांना दोष वाटते ते अशा स्वभावाच्या मुलाला स्वतःचे कौशल्य वाटते, हे त्यांनी धरले. त्यामुळे विधाने आरोपाच्या सुरात नसून कौतुकाच्या किंवा तटस्थ सुरात आहेत. मराठीत अशा धर्तीचे विधान बनवायचे तर ते काहीसे असे होईल : ‘समोरच्याला बोलण्यात गुंडाळणे मला सहज जमते.’ किंवा ‘लहानसहान गोष्टींवरून रडणारी माणसे मला कमकुवत वाटतात.’ अशा वाक्याला होकार देताना मुलाला आपण कबुलीजबाब देत आहोत असे वाटत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. वर्गातील गप्पिष्ट, मित्रांत हुशारी मिरवणारा, ‘आपण लई भारी’ म्हणणारा साधा मुलगाही यातल्या बऱ्याच वाक्यांना मान डोलावेल. वाक्य जितके निरुपद्रवी, तितके त्याला होकार देणारेही विविध प्रकारचे.

खोटे बोलणाऱ्यालाच विचारून काय उपयोग?

हा पहिला आणि रास्त आक्षेप. ज्याच्या स्वभावातच फसवेगिरी आहे असा संशय, त्याचीच साक्ष का मानायची? संशोधनाचे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की अशा प्रश्नावल्यांत अधिक गुण मिळवणारे लोक स्वतःला सज्जन दाखवण्याचा प्रयत्न इतरांपेक्षा जास्त करत नाहीत. कल उलट दिशेचाच आहे. इतरांना आपण चांगले वाटावे, याची त्यांना तेवढी पर्वा नसते.

दुसरा मुद्दा असा, की मनाचा कोरडेपणा बाहेरून दिसत नाही. लहान मूल आई-वडिलांच्या नजरेखाली असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाचे अर्धे आयुष्य मित्रांत आणि मोबाइलमध्ये जाते. तिथले पालकांना आणि शिक्षकांना किती ठाऊक असते? त्यामुळे या वयात मुलाला स्वतःला विचारण्याला पर्याय नाही.

मात्र एक अट विसरता येत नाही. संशोधनात मुलाचे नाव गुप्त राहते आणि उत्तरांमुळे त्याचे काही बिघडत नाही. त्याच मुलाला न्यायालयाच्या दारात बसवून तीच प्रश्नावली दिली, तर उत्तर देण्यामागचा हेतूच बदलतो. पहिल्या परिस्थितीत सिद्ध झालेले साधन दुसऱ्या परिस्थितीत आपोआप सिद्ध होत नाही.

काटा स्थिर आहे, पण योग्य तेच मोजतो का?

कोणत्याही मोजमापाला दोन कसोट्या लागतात. भाजीवाल्याच्या काट्यावर तोच किलोभर कांदा दहा वेळा ठेवल्यावर दहाही वेळा सारखाच आकडा आला, तर काटा विश्वासार्ह. पण तो आकडा खरोखर एक किलो असेल, तरच तो वैध. पाव किलोने चुकणारा काटाही दहा वेळा सारखेच चुकू शकतो.

विश्वासार्हतेच्या कसोटीवर या प्रश्नावल्या सर्वच ठिकाणी उतरलेल्या नाहीत. फ्रिक आणि हेअर यांच्या मापनाच्या मुलांनी भरायच्या आवृत्तीत निष्ठुरतेसाठी अवघी सहा विधाने आहेत आणि त्यांच्या उत्तरांत पुरेसा मेळ नसल्याचे वारंवार दिसले. म्हणूनच फ्रिक यांनी फक्त या एका पैलूसाठी २४ विधानांची स्वतंत्र प्रश्नावली तयार केली. त्यातील निम्मी विधाने सरळ आणि निम्मी उलट अर्थाची आहेत.

वैधतेचा प्रश्न अधिक कठीण. प्रश्नावलीतील गुण आणि तज्ज्ञाने मुलाखतीतून दिलेले गुण यांत नाते दिसते, पण ते घट्ट नाही. ही अडचण फक्त सायकोपॅथीपुरती नाही. मुलांच्या वर्तनसमस्यांवरील ११९ अभ्यासांचा आढावा थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये घेतला. मुलांनी स्वतःबद्दल सांगितलेले आणि इतरांनी त्यांच्याबद्दल सांगितलेले यांतील सहसंबंध सरासरी ०.२२ इतकाच भरला. पूर्ण जुळणी असती तर तो १ असता. म्हणजे एकच मूल घरी, शाळेत आणि स्वतःच्या नजरेत बरेच वेगळे असते. मग एका कागदावर विसंबून निकाल कसा द्यायचा?

वय हीच मोठी अडचण आहे का?

उतावळेपणा, थराराची ओढ, ‘मला काही फरक पडत नाही’ हा आविर्भाव, स्वतःभोवती फिरणारे जग... ही यादी सायकोपॅथीची की दहावीतल्या मुलाची? डॅनियल सीग्रेव्ह आणि थॉमस ग्रिसो यांनी २००२ मध्ये नेमका हाच इशारा दिला. किशोरवयात तात्पुरती दिसणारी अनेक लक्षणे बाहेरून सायकोपॅथीसारखीच भासतात. वय वाढते तशी त्यातली कित्येक ओसरतात.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला फरकही इथे कामी येतो. बेशिस्त वागणाऱ्या मुलांचा मोठा गट फक्त किशोरवयापुरता तसा वागतो. लहानपणापासून प्रौढपणापर्यंत तसेच वागणाऱ्यांचा गट खूपच छोटा असतो. सोळाव्या वर्षी दोन्ही गट एकाच रांगेत उभे दिसतात. त्या दिवशी काढलेल्या छायाचित्रावरून कोण कुठल्या वाटेने जाणार, हे सांगणे अवघड.

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. डोनाल्ड लायनम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. तेराव्या वर्षी मोजलेली वैशिष्ट्ये आणि चोविसाव्या वर्षीची सायकोपॅथी यांतील सहसंबंध सुमारे ०.३१ होता. याचा अर्थ नाते आहे, ते नाकारता येत नाही. पण ०.३१ चा वर्ग केला तर जेमतेम ०.१ येतो. म्हणजे प्रौढपणी दिसणाऱ्या फरकांपैकी दहाएक टक्केच तेराव्या वर्षीच्या गुणांतून समजतात. उरलेले नव्वद टक्के आयुष्य, संगत, घर, उपचार आणि बाकी बरेच काही.

साधे गणित काय सांगते?

समजा एका शहरातील १००० विद्यार्थ्यांना चाचणी दिली. त्यातील १० मुलांत ही वैशिष्ट्ये खरोखर तीव्र आहेत असे धरू. चाचणी उत्तम आहे, त्या १० पैकी ९ जणांना ती पकडते. उरलेल्या ९९० मुलांपैकी फक्त १० टक्क्यांबाबत ती चुकते. म्हणजे ९९ मुले विनाकारण यादीत आली. एकूण यादी १०८ जणांची, त्यात खरे ९. दर १२ नावांमागे ११ चुकीची!

आता हीच चाचणी सुधारगृहातील १००० मुलांना दिली आणि तिथे २०० जणांत ही वैशिष्ट्ये खरोखर आहेत असे मानू. चाचणी १८० जणांना बरोबर पकडते आणि ८० जणांना चुकीचे. यादी २६० ची, त्यात चुकीचे जवळपास एकतृतीयांश. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण तत्त्व पक्के आहे. जी गोष्ट मुळात दुर्मीळ, तिच्या सरसकट शोधात खोटे इशारे खऱ्यांपेक्षा जास्त निघतात. शाळाशाळांत ‘धोकादायक मुले’ शोधण्याची कल्पना इथेच कोसळते.

मराठीत भाषांतर केले की झाले?

नाही. ‘मला कशाचेच वाईट वाटत नाही’ या वाक्यावर ‘मुळीच लागू नाही’ असे उत्तर निवडायचे म्हणजे मुलाला दोन नकारांचा हिशेब मनात करावा लागतो. वाचनात मागे असलेल्या मुलाचा इथे गोंधळ उडतो आणि त्याचा गोंधळ निष्ठुरतेच्या खात्यात जमा होतो. सुधारगृहात येणाऱ्या अनेक मुलांची शाळा अर्धवट सुटलेली असते, हे इथे आठवावे.

शब्दांपलीकडे संस्कृतीचाही प्रश्न आहे. आपल्याकडे ‘मुलगा आहेस ना, रडतोस काय?’ हे वाक्य ऐकत मुले मोठी होतात. भावना न दाखवणे हा अशा घरात संस्कार असतो. स्वीडनमध्ये तेच उत्तर वेगळे काही सांगत असेल. म्हणून परदेशी प्रश्नावली वापरण्याआधी ती इथल्या मुलांवर तपासावी लागते, इथली सरासरी काढावी लागते आणि विधानांचा अर्थ दोन्हीकडे सारखाच लागतो का, हे पडताळावे लागते. गूगलवर भाषांतर करून छापलेला तक्ता ही चाचणी ठरत नाही.

भारतातील कायद्याशी याचा संबंध काय?

बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १५ नुसार १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक पडताळणी करते. गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्ह्याची परिस्थिती हे त्यातील मुद्दे. त्यावरून त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याचा मार्ग खुला होतो. पुण्यातील कल्याणीनगर येथे मे २०२४ मध्ये झालेल्या मोटार अपघातानंतर ही तरतूद महाराष्ट्रात घरोघरी चर्चेत आली. त्या प्रकरणातील पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

गुरुग्राममधील शाळेतील २०१७ च्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये या पडताळणीला नाजूक काम म्हटले. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकार यांतील तज्ज्ञ नसेल, तर अनुभवी तज्ज्ञांचे साह्य घेणे बंधनकारक असल्याचेही स्पष्ट केले.

इथे एक रेघ स्वच्छ ओढायला हवी. कायदा विचारतो ते क्षमतेबद्दल, स्वभावाबद्दल नव्हे. ‘याला परिणाम कळत होते का?’ हा एक प्रश्न आणि ‘हा मुळातच निर्दय आहे का?’ हा दुसरा. निष्ठुरतेच्या प्रश्नावलीतील गुण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. तरीही तज्ज्ञांच्या अहवालात असा आकडा आला, तर वाचणाऱ्याच्या मनात मुलाची प्रतिमा ठरून जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अल्पवयीनांची फाशी रद्द करताना याच धर्तीचा विचार केला होता. १८ वर्षांखालील व्यक्तीला समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान देण्यास मानसोपचारतज्ज्ञांनाच मनाई आहे, मग इतरांनी त्याहून कठोर निवाडा कसा द्यावा, असा तो मुद्दा होता.

मग या प्रश्नावल्या निरुपयोगी आहेत का?

तसे म्हणणेही चुकीचे ठरेल. वर्तनसमस्या असलेली सगळी मुले एकसारखी नसतात, हे याच संशोधनातून कळले. काही मुले रागाच्या भरात चुकतात आणि नंतर हळहळतात. काहींना हळहळच वाटत नाही. दोघांना वेगळी मदत लागते. म्हणूनच अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदानाच्या नियमावलीत वर्तन विकाराच्या जोडीला ‘मर्यादित समाजाभिमुख भावना’ अशी नोंद करण्याची सोय केली. चारपैकी किमान दोन लक्षणे, वर्षभर आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. मुलाच्या स्वतःच्या सांगण्याबरोबरच पालक, शिक्षक, नातेवाईक अशा त्याला ओळखणाऱ्यांकडूनही माहिती घ्यावी, असे तिथेच म्हटले आहे. ‘सायकोपॅथ’ हा शब्द या नोंदीत कुठेही नाही.

आणि ‘अशी मुले सुधारत नाहीत’ हा समजही तपासला गेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९९५ पासून मेंडोटा येथे अतिहिंसक किशोरवयीनांसाठी उपचार केंद्र चालते. तिथे शिक्षेपेक्षा चांगल्या वागण्याला लगेच प्रतिसाद देण्यावर भर असतो. सायकोपॅथीच्या सूचीत भरपूर गुण असलेल्या मुलांतही, तिथे उपचार मिळालेल्यांत पुढील दोन वर्षांत हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण नेहमीच्या सुधारगृहातील मुलांपेक्षा बरेच कमी आढळले.

पालक आणि शिक्षकांनी काय करावे?

मोबाइलवरील चाचणी मुलाला देऊ नये आणि त्याच्या नकळत त्याच्या वतीने भरूही नये. प्राण्यांना किंवा लहान मुलांना वारंवार इजा करणे, चोरी, घरातून पळणे, दुसऱ्याच्या वेदनेचे काहीच न वाटणे असे महिनोन्‌महिने दिसत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. शाळांनी अशी प्रश्नावली सरसकट वाटू नये आणि संशोधनासाठी वाटलीच, तर पालकांची संमती आणि नावांची गुप्तता आधी पाहावी. बाल न्याय मंडळांपुढे येणाऱ्या अहवालात एकट्या प्रश्नावलीचा आकडा निष्कर्ष म्हणून येऊ नये, हे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिण्याची वेळ आली आहे.

स्वीडिश संशोधकांनी ही साधने मुलांच्या गटांचा अभ्यास करण्यासाठी घडवली. हजार मुलांबद्दल ती बरेच काही सांगतात. समोर बसलेल्या एका मुलाबद्दल मात्र ती फक्त एवढेच सांगू शकतात, की याच्याशी अधिक बोलायला हवे. त्या बोलण्याऐवजी आकडाच पुरेसा मानला, तर चूक प्रश्नावलीची नसेल, ती वापरणाऱ्यांची असेल.